आधी ट्यूब, मग सोल्डर

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. शिस्त म्हणून.

परिस्थिती अशी. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. वॉकर मिळालाय, पण एकट्याने उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. माझी बायको अक्षदा सकाळीच हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर कामाला जाते ती दिवेलागणीला येते. मधल्या वेळात घरात मी आणि बाबा. मी सध्या घरून काम करतो. म्हणजे कंपनीने जुलैत माझी पोस्टच काढून टाकली, त्यामुळे काम नाही, पण घर आहे. एवढ्या तपशिलात बाबांना किंवा बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. दहा वाजता लॅपटॉप उघडतो. इस्त्रीचा शर्ट घालतो. खाली हाफ पॅन्ट.

चाळीत बाबांनी "हितू" अशी हाक मारली की अख्खी गॅलरी ओ द्यायची. आता चाळीच्या जागी टॉवर, आम्ही तेविसाव्या मजल्यावर, बाबांची खोली अगदी आत. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बारीक झालाय. मी बाल्कनीत असलो तर ऐकू येत नाही. म्हणून सारखं जाऊन बघावं लागतं. दर वेळी म्हणतात, "काय नाय रे. असाच." काही नाही तर मग कशाला हाक मारतात, हे विचारायचं राहून जातं.

थोडक्यात, मी अडकून पडलोय.

उपाय सापडला. बेल. पलंगाशी बटण, किचनमध्ये बझर. बेल बसली की मी मोकळा. सकाळी फाइव्ह गार्डन्सपर्यंत वॉक, दुपारी नोकरीचे अर्ज, संध्याकाळी दादरला जुन्या मित्रांत.

अक्षदाला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "तू दादरला गेलास तर बेल ऐकणार कोण?"

तिला मोठं चित्र दिसत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

अक्षदाने हाफ डे घेतला. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात जाऊन आलो. बऱ्याच दिवसांनी बाहेर पडलो, बरं वाटलं. लिफ्टमध्ये सीताराम काका भेटले. बाबांचे गिरणीतले दोस्त, आता दोन मजले खाली राहतात. म्हणाले, "आज सुट्टी काय रे?" मी म्हटलं, क्लायंट मीटिंग आहे. हातात कापडी पिशवी होती.

वायर, बटण, बझर आणि एक छोटा अडॅप्टर घेतला. दुकानदाराकडे हवी तेवढी वायर एका तुकड्यात नव्हती, दोन तुकडे होते. तो म्हणाला, संध्याकाळी नवीन बंडल येईल. मी म्हटलं, द्या दोन तुकडे, मधे जोड देतो. निर्णय घ्यायला माणसाने कचरू नये.

अक्षदा म्हणत होती, ऑनलाइन वायरलेस बेल मिळते, उद्या घरी येईल. मी तिला समजावलं. वायरलेसचा सेल नेमका गरजेच्या वेळी संपतो. वायर म्हणजे वायर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बेल लागली. तारा पिळून जोडल्या, वर काळी चिकटपट्टी. बाबांनी बटण दाबलं, किचनमध्ये बझर वाजला. अक्षदा हसली. बाबांनी परत दाबलं. परत वाजला. बाबा म्हणाले, "ट्रामसारखा वाजता."

प्रोजेक्ट पूर्ण. उद्यापासून वॉक.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वॉक झाला नाही. कारण तांत्रिक.

ऑक्टोबरच्या उकाड्याने चिकटपट्टीचा गोंद पातळ झाला. पट्टी सुटली. आतल्या दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या. दोन तारा टेकल्या म्हणजे बेलच्या दृष्टीने बटण दाबल्यासारखंच. दुपारी बेल जी वाजायला लागली ती थांबेना. मी धावत आत. बाबा झोपलेले. दचकून जागे झाले. "मी हातच लावूक नाय," म्हणाले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

सीताराम काका वर आले, आग लागली का विचारायला. मी शर्ट आणि हाफ पॅन्टमध्ये. ते बराच वेळ हाफ पॅन्टकडे बघत होते.

अडॅप्टर काढून ठेवला. जाताना काका म्हणाले, नवीन पट्टी मार. मी हसलो. पट्टी हा गरिबांचा उपाय. आता कायमचं करायचं. संध्याकाळभर व्हिडिओ बघितले. तारा नुसत्या पिळायच्या नाहीत, सोल्डर करायच्या, म्हणजे कथील वितळवून सांधायच्या. आणि सांध्यावर पट्टी नाही, हीट श्रिंक ट्यूब. काळी बारीक नळी असते. सांध्यावर सरकवायची, गरम हवा दिली की आक्रसून तारेला कातडीसारखी चिकटते. विमानात हेच वापरतात म्हणे. आमच्या बेलमध्येही हेच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, ट्यूबचं पाकीट, सगळं कुरियरने आलं. कामाला बसलो. पहिले दोन सांधे खडबडीत. पुढचे आरशासारखे. बाबांना नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "बरे चमकतत."

मग ट्यूब लावायला पाकीट उघडलं.

ट्यूब तारेत ओवायची असते. तारेचं टोक मोकळं असतानाच ओवता येते. माझी सगळी टोकं आता एकमेकांना पक्की जोडलेली होती. अतिशय पक्की.

ट्यूबच्या रचनेतच हा दोष आहे. व्हिडिओत माणूस "आधी स्लाइड करा" म्हणाला असेलही, पण त्याचा उच्चार स्पष्ट नव्हता.

सांधे कापावे लागले. ब्लेडने, स्वतःच्या हाताने. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टेबलासमोर लावलं: आधी ट्यूब, मग सोल्डर.

अडॅप्टर अर्थात बंदच आहे. बाबांना सांगितलं, बेल मेंटेनन्सवर आहे, तोवर हाक मारा. "मारतंय ना," ते म्हणाले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आधी ट्यूब. मग सोल्डर. तत्त्वतः सगळं बरोबर.

पण ट्यूब सांध्याच्या अगदी जवळ ठेवली होती. हाताशी असावी म्हणून. आयर्नची धग तारेतून तिच्यापर्यंत गेली आणि ती जिथे होती तिथेच आक्रसून बसली. सांधा इथे उघडा, ट्यूब तिथे घट्ट. पुढे ढकलली, हलेना.

कापली. प्रत्येक वेळी कापताना थोडी वायर जाते. बाबा दारातून दिसणाऱ्या टेबलाकडे बघत होते. म्हणाले, "अर्धी वायर तर तू कापूनच टाकलंस."

वॉक सोमवारपासून.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीत काम बंद होतं. भाऊबीजेला अपेक्षा आली होती बदलापूरहून. माझी धाकटी बहीण. तिने टेबलावरचा पसारा बघून विचारलं, "दादा, तू इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करतोयस का?" मी म्हटलं, तसंच समज. ऑफिसला सुट्टी किती दिवस, तेही विचारलं. मी फराळाचं ताट पुढे केलं.

ती दिवसभर बाबांच्याच खोलीत बसली. दोघं खिडकीतून बंदराकडे बघत होते. बाबांचा पलंग खिडकीला लागून आहे. तिथून शिवडीपलीकडची खाडी दिसते, बोटी दिसतात. लहानपणी बाबा आगबोटीने कोकणातून मुंबईला आले, तेव्हापासून त्यांना बोटींचं वेड. दिवसभर मला सांगत असतात, "ती बघ, भायर पडली." मी म्हणतो, हो. कॉल चालू असल्यासारखा कानाला हेडफोन असतो, त्यामुळे जास्त बोलता येत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ट्यूब लांब सरकवून ठेवली. सांधा केला. गार होऊ दिला. ट्यूब सांध्यावर आणली. आता फक्त गरम हवा.

हीट गन नाही. अक्षदाचा हेअर ड्रायर घेतला. बराच वेळ धरला. ट्यूब तशीच, ड्रायर मात्र बंद पडला. मग मेणबत्ती. दिवाळीच्या उरलेल्या होत्याच. ट्यूब आक्रसली खरी, पण एका बाजूने. दुसऱ्या बाजूला काजळी, आणि तारेवरचं मूळचं प्लास्टिकही वितळून खाली टपकलं. शिवाय पाकिटातली बारीक ट्यूब आधीच वाया गेली होती, उरलेली जाड मापाची निघाली. पूर्ण आक्रसूनही तारेवर सैलच. ऑपरेशननंतर बाबांचा पायजमा त्यांच्यावर दिसतो तशी.

अक्षदाला संध्याकाळी केस वाळवायचे होते. तिने ड्रायरचं बटण दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाली, "हितेन, वायरलेस बेल मागवू का मी?"

मी म्हटलं, ह्या टप्प्यावर माघार घेणं म्हणजे आतापर्यंतच्या कष्टांचा अपमान.

ती म्हणाली, कष्ट कोणाला हवेत, बाबांना बेल हवी आहे.

बारीक मापाची ट्यूब मागवली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अडचण. कापून कापून वायर आखूड झाली. बटण आता पलंगापर्यंत पोचत नाही. नवीन तुकडा जोडता येईल, पण जोड वाढले की बिघाड वाढतात. हे मी अनुभवाने सांगू शकतो.

डोकं चालवलं. वायर लांबत नसेल तर पलंग जवळ आणावा. अक्षदा गेल्यावर बाबांना खुर्चीत बसवलं आणि पलंग ओढून दाराजवळच्या भिंतीला लावला. बटण अगदी उशाशी आलं.

पलंगावरून आता समोर कपाट दिसतं. बाबांना विचारलं, चालेल ना. त्यांनी कपाटाकडे बघितलं. "बरा आसा," म्हणाले.

सोय महत्त्वाची. आजारी माणसाला खिडकीचा वाराही बाधतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एक प्रसंग घडला. नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको.

बारीक ट्यूब आली होती. दुपारी बाल्कनीत बसून व्हिडिओ बघत होतो. हेडफोन अर्थात कानात, कारण तो उच्चाराचा प्रश्न. अडॅप्टर काढलेला होता. सुरक्षिततेचा नियमच आहे, काम चालू असताना पुरवठा बंद.

पाणी प्यायला आत गेलो तर बाबा खोलीत जमिनीवर. पडले नव्हते. बसले होते. खिडकी आणि पलंग यांच्या मधे, वॉकर आडवा. मी विचारलं, कशाला उठलात, बजावलंय ना डॉक्टरांनी.

"बोटी बघूक," म्हणाले.

मी म्हटलं, मग बेल मारायची.

"मारलंय. दोनदा मारलंय. कोण येवूक नाय."

मी उचलायला गेलो. जमेना. हल्ली माझी पाठ धरते. त्यांना दुखेल म्हणून जोरही लावता येईना. सीताराम काकांना फोन केला. ते नेमके खाली नाक्यावर होते, येतो म्हणाले. तोपर्यंत मी बाबांच्या बाजूला जमिनीवरच बसलो. भिंतीला पाठ लावून, दोघं. बाबांचा हात मी धरला, कारण नाडी बघायची होती.

बाबा म्हणाले, "ऑफिस सुटला ना तुझा?"

मी म्हटलं, कोणी सांगितलं.

"सांगूक कित्याक व्हया? कामावरच्या माणसाचो फोन वाजता. तुझो वाजणा नाय."

फोन सायलेंटवर असतो, हे त्यांना कसं समजावणार. मी विषय बदलला. जमिनीवरून खिडकीतून बोटी दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं. ते दोघांनी बघितलं.

काका आले. दोघांनी मिळून बाबांना पलंगावर घेतलं. काकांनी आज सुट्टी आहे का विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एक्स-रे काढला. हाड शाबूत. नुसता मुका मार. म्हणजे प्रसंग तसा किरकोळ.

१ नोव्हेंबर, शनिवार

अक्षदाने वायरलेस बेल मागवली. दुपारपर्यंत आली. पाकीट फोडून तिने बटण बाबांच्या हातात दिलं आणि बझर किचनच्या प्लगमध्ये खोचला. वाजली. एवढंच. ना सांधा, ना ट्यूब.

तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

अक्षदा माझ्याशी बोलते आहे. "डाळ घे." "दूध संपलंय." तेवढंच. संध्याकाळी भांडी लावताना पाठमोरीच म्हणाली, "ते किती वेळ जमिनीवर होते, हितेन?"

मी म्हटलं, फार नसेल.

तिने परत विचारलं नाही. मला खरंच माहीत नाही. व्हिडिओ मोठा होता.

२ नोव्हेंबर, रविवार

अपेक्षा आली. अक्षदाने तिला फोन केला होता हे उघड आहे. दोघी किचनमध्ये हळू आवाजात बोलल्या. मग अपेक्षा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, बाबांना मी थोडे दिवस घेऊन जाते. आमचं तळमजल्यावरचं घर आहे, दोनच खोल्या. सासूबाई दिवसभर असतात. कुठूनही हाक ऐकू येते."

वर म्हणाली, "तुलाही जरा मोकळीक."

मी म्हटलं, कल्पना चांगली आहे. मला नाहीतरी नोव्हेंबरमध्ये इंटरव्ह्यूच्या तयारीला वेळ हवाच होता. हे मी अगदी सहज बोललो.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, तुमी ठरवशाल तसा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी आली. सीताराम काका, अपेक्षाचा नवरा आणि मी, तिघांनी मिळून बाबांना व्हीलचेअरवरून खाली नेलं. खाली चाळीतली जुनी माणसं जमली होती. सगळे बाबांशी बोलले. माझ्याशीही बोलले. कोणी ऑफिसचं विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. कधीपासून माहीत आहे कोण जाणे. इतके दिवस मी खाली उतरायचं टाळत होतो ते नक्की कोणासाठी, याचा विचार करायला हवा. सवडीने.

गाडीत बसल्यावर बाबांनी काच खाली करायला लावली. म्हणाले, "ती बेल पुरी कर हां. अर्धी सोडू नको."

गाडी गेली. मी मोकळा.

संध्याकाळी वॉकला जाणार होतो. चपला घातल्याही होत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बेल पूर्ण.

कसं केलं ते लिहून ठेवतो, कारण आता मला येतं. दोन तारा एकाच जागी कापायच्या नाहीत, एक थोडी मागे, एक पुढे, म्हणजे सांधे समोरासमोर येत नाहीत. ट्यूब आधी ओवायची, चांगली लांब सरकवून. सोल्डर करायचं. गार होऊ द्यायचं, फुंकर न मारता. मग ट्यूब सांध्याच्या बरोबर मधोमध आणायची, आणि मेणबत्ती नाही, काजळीची ज्योत नाही. शेवटी हीट गन मागवली. हवा मधून सुरू करून कडेला न्यायची. ट्यूब अशी आक्रसत जाते की बघत राहावंसं वाटतं. आत सांध्याचा उंचवटा नुसता हाताला जाणवतो. कुठेही उघडी तार नाही. ओढून बघितलं. वाकवून बघितलं. घट्ट.

टेस्ट करायची होती. बटण दाबून किचनमध्ये धावत गेलो, पण बटण सोडलं की बझर थांबतो. एकट्याला हे जमत नाही. शेवटी बटणाला कपड्यांचा चिमटा लावला आणि किचनमध्ये जाऊन उभा राहिलो.

स्वच्छ, खणखणीत आवाज. एकसारखा.

बराच वेळ ऐकला.

पलंग परत खिडकीशी नेला. झाडू मारायला सोयीचं पडतं. बटण आता पलंगापर्यंत पोचत नाही, भिंतीच्या मधोमध लोंबकळतं. अक्षदाने आल्यावर बघितलं. ट्यूबवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान झालंय." मनापासून म्हणाली. मग वायरलेसचं बटण कोणत्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय ते मला सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अर्ज करायला बसलो. एक अर्ध्यापर्यंत भरला. शेवटची नोकरी का सोडली, त्या रकान्यापर्यंत.

दुपारी अपेक्षाला फोन केला. बाबा काय करतायत विचारलं. म्हणाली, मजेत आहेत, अंगणात खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. समोरच्या बाईला बोटींच्या गोष्टी सांगतात. तिलाही त्या ऐकायला आवडतात. रात्री मात्र विचारतात, हितू जेवला काय.

मी म्हटलं, मी येतो तिकडे. सामान घेऊन येतो. आता माझा हात बसलाय, तुमच्याकडे बेल लावून देतो. दोनच खोल्या, अर्ध्या दिवसाचं काम.

ती म्हणाली, थांब, बाबांना विचारते. फोन बाजूला धरला. मागे बाबांचा आवाज येत होता. चांगला मोठा झालाय.

परत येऊन म्हणाली, "बाबा म्हणतात, बेल-बिल काय नको. नुसतो ये म्हणान सांग."

मी म्हटलं, हो, बघतो.

नुसतं जाऊन काय करणार. तिथे पोचल्यावर म्हणायचं काय, बसायचं कुठे, हात कुठे ठेवायचे. माणसाकडे काहीतरी काम असलं की बरं पडतं. शिवाय बारीक मापाची ट्यूब संपली आहे.

पुढच्या रविवारी जाईन. आधी ट्यूब आणतो.